कडीला साखळी दिसत नाही

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक बैठक भरते. मुलगी सांगते, ‘मला सप्लाय चेन मॅनेजमेंटला जायचंय.’ आई वडिलांकडे बघते, वडील काकांकडे. काका भिवंडीला दोनदा जाऊन आलेले असतात, त्यामुळे अधिकारवाणीने विचारतात, ‘म्हणजे गोदामातच बसायचं ना? मग त्याला पदवी कशाला?’

काकांचा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. पुरवठा साखळी हा विद्यापीठात शिकण्याचा विषयच नव्हे, असे मानणारा मोठा पक्ष आहे आणि त्याचे मुद्दे कच्चे नाहीत. माल इकडून तिकडे नेणे ही फार जुनी विद्या आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या लमाणांच्या तांड्यांनी कुठली पदवी घेतली होती? पेढीवरचा मुलगा बापाच्या शेजारी गादीवर बसून धंदा शिकला. मुंबईचे डबेवाले १८९० पासून झाकणावरच्या चार खुणांच्या जोरावर डबे पोहोचवत आहेत. शिवाय ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दच मुळी एका व्यवस्थापन सल्लागाराचा. कीथ ऑलिव्हर यांनी १९८२ मध्ये फायनान्शियल टाइम्सच्या मुलाखतीत तो वापरला आणि तिथून तो रूढ झाला. जुन्याच कामाला नवे नाव! आणि शेवटचा मुद्दा: आता हे सगळे संगणकच करणार आहे, मग माणसाने शिकायचे कशासाठी?

डबेवाल्यांपासून सुरुवात करू, कारण या वादात तेच हुकमी पान म्हणून टाकले जाते. त्यांच्या कामाबद्दल आदर आहेच. पण ते काम नेमके काय आहे ते नीट पाहा. गिऱ्हाईक ठरलेले, पत्ता ठरलेला, वेळ ठरलेली. डबा घरून येतो आणि रिकामा होऊन त्याच वाटेने परत जातो. उद्या किती डबे लागतील याचा अंदाज डबेवाल्याला बांधावा लागत नाही. तो माल विकत घेत नाही, साठवत नाही, उरला तर फेकत नाही. म्हणजे पुरवठा साखळीतला सर्वांत अवघड प्रश्न, ‘किती घ्यावे आणि कधी घ्यावे’, त्याच्या वाट्याला येतच नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि डबेही थांबले. यात दोष त्यांचा नव्हता. पण सगळी व्यवस्था एकाच दोरीवर टांगलेली आहे का, हा प्रश्न दोरी शाबूत असतानाच विचारावा लागतो, आणि तो विचारण्याची सवय लावणे हे अभ्यासाचे काम. आणखी एक गंमत. डबेवाल्यांची थोरवी सांगताना हीच मंडळी हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर लिहिलेल्या २०१० च्या केस स्टडीचा हवाला देतात. विद्यापीठाला नावे ठेवायची आणि दाखला मात्र विद्यापीठाचाच मिरवायचा!

आता ‘अनुभव हाच गुरू’ हा मुद्दा. या विषयाच्या वर्गात एक जुना खेळ खेळतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत तो तयार झाला. नाव ‘बिअर गेम’, पण बाटली कुठेच नसते. चौघे जण ओळीने बसतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. बोलायचे नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल यायला दोन आठवडे लागतात. गिऱ्हाईक दर आठवड्याला चार पेट्या मागते. पाचव्या आठवड्यात ते आठ मागते. दुकानदाराचा साठा घसरतो, म्हणून तो जरा हात राखून बारा मागवतो. घाऊक व्यापारी बाराची चिठ्ठी पाहून सोळा मागवतो. माल लवकर येत नाही म्हणून सगळेच घाबरून आणखी मागवतात. कारखान्यापर्यंत ऑर्डर तीस-चाळीसवर गेलेली असते. मग एके दिवशी सगळा माल एकदम येऊन कोसळतो आणि चिठ्ठ्यांवर शून्य दिसू लागते. खेळ संपेपर्यंत कारखाना झालेला पोरगा दुकानदार झालेल्या मुलीवर ओरडत असतो, ‘तू वेड्यासारख्या ऑर्डरी का टाकत होतीस?’ मास्तर शांतपणे सांगतात, गिऱ्हाइकाने काय मागितले असेल त्याचा आलेख काढा. कारखाना, वितरक, घाऊक व्यापारी, तिघेही डोंगर-दऱ्या काढतात. मग दुकानदाराकडची चिठ्ठ्यांची गड्डी उघडली जाते. गिऱ्हाईक एकदाच बदललेले असते, चारावरून आठवर. नंतर शेवटपर्यंत आठच.

या खेळात मूर्ख कोणीच नसतो. प्रत्येकाने आपल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतलेला असतो. जे फोरेस्टर यांनी १९६१ मध्ये हा घोटाळा गणिताने उलगडून दाखवला. पुढे १९९७ मध्ये हाउ ली आणि सहकाऱ्यांनी त्याची कारणे मांडली, तेव्हा तो ‘बुलव्हिप’ म्हणजे आसूड या नावाने गाजला. मनगट जरासे हलते, टोकाला फटकारा बसतो. हा आसूड शेवटी कोणाच्या पाठीवर पडतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

कांद्याचेच पाहा. शेतकरी गेल्या हंगामाचा भाव पाहून रोप टाकतो. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलपासून निघू लागतो आणि चाळीत जातो. तिथे तो वजनाला घटतो, मोड येतात, काही सडतो. व्यापारी भाव चढण्याची वाट पाहतो. सरकार शहरातला किरकोळ भाव पाहून हलते: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी, आणि ती उठली ४ मे २०२४ रोजी. प्रत्येकाच्या हाती कालची चिठ्ठी आणि निर्णय मात्र उद्याचा. लासलगावच्या लिलावात उभा असलेला शेतकरी आपल्या ट्रॉलीतल्या कांद्याबद्दल कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त जाणतो. पण शेजारच्या तालुक्यात रोप किती पडले, मध्य प्रदेशातल्या चाळींत किती माल उरला, बंदरात कंटेनर किती दिवस अडकणार, हे ट्रॉलीवर उभे राहून दिसत नाही. अनुभव कडी शिकवतो. साखळी पाहायची तर कडीवरून उतरून लांब उभे राहावे लागते. तशी उभे राहण्याची जागा म्हणजे विद्यापीठ.

‘नवे नाव, जुने काम’ हा आक्षेप तर नावाशीच थांबतो. नाव १९८२ चे असेल, पण एका वेळी किती सुटे भाग बनवावेत याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ मध्येच मांडले होते. बारसे उशिरा झाले म्हणून मूल लहान ठरत नाही.

इतके खंडन पुरे. आता शिकून मिळते काय ते सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या रात्रीचा दादरचा फुलबाजार डोळ्यांपुढे आणा. समजा, झेंडू किलोला ६० रुपयांनी घेतला आणि १०० ने विकायचा. दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेल्या फुलांची किंमत शून्य. मग किती घ्यावा? बहुतेक जण म्हणतील, सरासरी खपतो तेवढा. गणित म्हणते, त्याहून कमी. एक किलो कमी पडला तर ४० रुपयांचा नफा हुकतो, एक किलो उरला तर ६० रुपये बुडतात. ४० भागिले १००, म्हणजे ०.४. मागच्या दहा दसऱ्यांची मागणी चढत्या क्रमाने लिहा आणि चौथा आकडा उचला. हाच झेंडू ३० रुपयांनी मिळाला तर सातवा उचला. फूल तेच, गिऱ्हाईक तेच, निर्णय मात्र बदलला. यात एक मेख आहे. ज्या वर्षी दुपारी बारालाच टोपली रिकामी झाली, त्या वर्षीचा आकडा विक्रीचा आहे, मागणीचा नव्हे. ती अजून किती असती कोण जाणे!

दादरच्या मुरलेल्या फुलवाल्याच्या बोटांत हे गणित असेलही. पण ते त्याच्या बोटांतच राहते. विद्यापीठात त्याचे सूत्र होते आणि मग ते रक्तपेढीतही लागू पडते. प्लेटलेटची पिशवी पाच दिवसांत बाद होते. तिथेही ‘किती ठेवाव्या’ हाच प्रश्न आहे, फक्त एक कमी पडली तर हुकणारी गोष्ट ४० रुपयांची नसते.

काकांनी भिवंडीत पाहिलेल्या गोदामांचेही तसेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्यापूर्वी कंपन्या राज्याराज्यांत गोदामे ठेवत, कारण परराज्यात थेट विकले की केंद्रीय विक्रीकर लागे आणि आपल्याच गोदामात माल हलवला तर लागत नसे. गोदामांचा नकाशा गिऱ्हाइकांनी नव्हे, करांनी काढला होता. कर बदलला, तशी गोदामे एकत्र होऊ लागली. चार ठिकाणच्या मागणीतले चढउतार साधारण सारखे असतील आणि एकमेकांवर अवलंबून नसतील, तर चार गोदामांचे एक केल्यावर अडीअडचणीसाठी ठेवायचा साठा निम्म्यावर येतो. हे कळायला संख्याशास्त्र लागते, करकायदा लागतो आणि भूगोलही लागतो. तिन्ही एका गादीवर बसून मिळत नाहीत.

विद्यापीठी शिस्तीचा आणखी एक उपयोग आहे: सगळे जो आकडा बोलतात तो तपासणे. भारतात मालवाहतूक आणि साठवणुकीचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, असे भाषणांतून आणि लेखांतून वर्षानुवर्षे सांगितले गेले. एनसीएईआर या संशोधन संस्थेने केंद्र सरकारसाठी पद्धतशीर मोजणी केली आणि डिसेंबर २०२३ च्या अहवालात २०२१-२२ साठी आकडा आला ७.८ ते ८.९ टक्के. तोवर १३-१४ गृहीत धरूनच चर्चा झडत होत्या.

आणि संगणक? तो मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काढेल, माणसापेक्षा लवकर काढेल. पण त्या वर्षी टोपली बारालाच रिकामी झाली होती, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. तो कोणीतरी शिकलेला हवा.

आता विरुद्ध पक्षाचे जे खरे आहे ते मोकळ्या मनाने मान्य करतो. पुष्कळ ठिकाणी हा विषय शिकवतात त्याला शिकवणे म्हणवत नाही. पहिल्या वर्षी व्याख्या, दुसऱ्या वर्षी स्लाइड, तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी ओळखीने आणलेले इंटर्नशिपचे पत्र. पदवी हातात पडते, पण त्या हाताने कधी बिल्टी धरलेली नसते आणि न्हावा-शेवा नकाशातच पाहिलेले असते. संख्याशास्त्र ‘मुलांना जड जाते’ म्हणून पातळ केलेले असते. माणूस तर अभ्यासक्रमात नसतोच. ट्रक रिकामा व्हायला लागणारा वेळ हा तक्त्यातला एक रकाना असतो, पण त्या रकान्यात पाठीवर पोती घेणारी माणसे असतात. हमालांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात पुरवठा साखळीचा पदवीधर त्या कायद्याचे नावही न ऐकता बाहेर पडत असेल, तर काकांची शंका योग्यच म्हणायला हवी.

पण वाईट शिकवणे हा विषयाविरुद्धचा पुरावा नव्हे. स्वयंपाक बिघडला म्हणून कोणी चूल मोडत नाही. केंद्र सरकारने वडोदऱ्यात वाहतूक आणि लॉजिस्टिक्ससाठी गतिशक्ती विश्वविद्यालय उभे केले आहे, पवईची ‘नायटी’ ही जुनी संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली आहे. संस्था आहेत आणि कामही आहे. गणित, गोदाम आणि हमाल हे तिन्ही ज्या वर्गात एकत्र येतात, तिथेच हा विषय खरा शिकवला जातो.

म्हणून प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी काकांनाच सोबत न्या आणि महाविद्यालयात दोन प्रश्न विचारा. संख्याशास्त्र कोण शिकवते आणि किती तास? तीन वर्षांत मुले गोदामात, बाजार समितीत किंवा बंदरात किती दिवस उभी राहतात? सरळ उत्तरे मिळाली तर बिनघोर फॉर्म भरा. नाही मिळाली तर ती फी वाचवा, मुलीला वर्षभर भिवंडीला पाठवा आणि तोवर तिच्यासाठी दुसरे विद्यापीठ शोधा.