विश्लेषण : युद्धाचा मनावरचा घाव, माजी सैनिकाच्या मृत्यूनंतर पत्नीच्या हाती काय?

रणांगणावरून परतलेल्या काही सैनिकांची झोप उडते, भांडे पडल्याच्या आवाजानेही ते दचकतात. घरात त्यांना सांभाळते ती पत्नी. पतीच्या निधनानंतर तिच्यापुढे कागदपत्रांचा प्रश्न उभा राहतो.

निवृत्तिवेतन किती?
साधारण कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असते. मृत्यू लष्करी सेवेमुळे किंवा सेवेत बळावलेल्या आजाराने झाल्याचे मान्य झाल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे ६० टक्के मिळू शकते.

अडचण कुठे?
गोळीची जखम दिसते, मनाची दिसत नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून उपचार टाळले, तर आजाराची नोंदच राहत नाही.

नवी मुंबईकरांनी काय करावे?
वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडमध्ये येते. आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय गाठावे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, उपचारांचे कागद जपावेत. मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६. सैनिक व कुटुंबीयांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या एएफएमसीत १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला.

पत्नीने जागून काढलेल्या रात्रींची नोंद कुठल्याच फायलीत नसते. पतीच्या आजाराची तरी असायला हवी.