झाडाला झाड? मग बायांना विचारा

‘तोडलेल्या झाडांच्या बदल्यात झाडे लावू’ हे आश्वासन सूरजागडच्या बायांनी कशाच्या जोरावर मानायचे? २००७ साली लॉइड्स मेटल्सला ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला, २०१६ पासून लोहखनिज निघू लागले. कागदावर झाड म्हणजे आकडा. सागाचे एक रोप लावले की एका मोहाची भरपाई झाली!

मोहाला धड फूल यायला दहा-बारा वर्षे लागतात; पुढे तो पिढ्यान् पिढ्या देत राहतो. चैत्रात पहाटे फुले, पावसाच्या तोंडावर बियांचे तेल. सोबत चार, तेंदू, हिरडा. ही वेचणी मुख्यतः बाईची. साग मात्र कित्येक वर्षांनी तोडायचा, तोही लाकूड विकणाऱ्यासाठी. सागालाही फूल येते म्हणा, पण ते टोपलीत भरून शिजवता येत नाही. वनविकास महामंडळाने या जिल्ह्यांत मिश्र जंगल कापून सागच लावला ना?

वनहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेत हजर सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश बाया हव्यात. त्या हजेरीपुरत्या बसवल्या आणि रोपांची यादी कचेरीत ठरली, तर त्या नियमाचा उपयोग काय? यादी ग्रामसभेत, माडियात वाचून दाखवा. कोणते झाड कुठे लावायचे ते बाया सांगतील. आणि ‘आधी उभा मोह तोडू नका’ म्हणाल्या, तर तेही ठरावात लिहा.