गाडी अडली, लेक का अडावी?

जून लागला की आमच्या घरी छत्र्या दुरुस्तीला जातात, पुस्तकांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या निघतात आणि दादी रोज सकाळी एकच प्रश्न विचारते, "आज गाड्या चालू आहेत ना?" हार्बर मार्गावरच्या बहुतेक घरांत हाच प्रश्न विचारला जात असेल.

गेल्या जुलैतली एक संध्याकाळ मात्र आम्ही विसरू शकत नाही. आमचे घर गोवंडीला, लेक वडाळ्याच्या कॉलेजात आणि मुलगा वाशीला नोकरीला. दुपारपासून पाऊस कोसळत होता. लेकीची गाडी चुनाभट्टीच्या पुढे थांबली. वाशीहून गाडी सुटेना म्हणून मुलगा रस्त्याने निघाला. मगरिबची अजान झाली, इशाचीही झाली. लेकीचा फोन लागेना. साडेदहाला निरोप आला की ती कुर्ल्याला खालाच्या घरी सुखरूप पोहोचली. मुलगा रात्री एक वाजता घरी आला, नखशिखांत भिजलेला.

सकाळी चहा घेताना दादी म्हणाली, "पावसाळा संपेपर्यंत पोरीला पाठवू नका." आम्हीही मान हलवली. लेक खालाकडून परतली तेव्हा तिच्या कानावर हे घातले. ती शांतपणे म्हणाली, "अब्बा, भाईजान माझ्यानंतर अडीच तासांनी पोहोचला. त्याला कुणी नोकरी सोड म्हणालं का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकहो, पावसात गाडी अडते ती सगळ्यांसाठी. पण तिची किंमत घरातल्या मुलींकडून आणि सुनांकडून वसूल होते. एका रात्रीच्या धास्तीने कॉलेज सुटते, शिवणाचा नाहीतर नर्सिंगचा वर्ग सुटतो, हातची नोकरी जाते. म्हणून गाडी का अडते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

शीव, कुर्ला, चुनाभट्टी हा पट्टा सखल आहे. मिठी नदी जवळून वाहते. शहराची जुनी पर्जन्य गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. मोठी भरती असेल तेव्हा गटारांचे पाणी समुद्र आत घेत नाही आणि ते रुळांवर साचते. पाणी उपसून समुद्रात सोडणारी पंपिंग केंद्रे शहरात काही ठिकाणी झाली. हार्बरवरच रे रोडला असे एक केंद्र आहे. कुर्ला-चुनाभट्टीला ज्याचा आधार मिळायचा ते माहुलचे केंद्र मात्र जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षे अडकून राहिले.

रुळांवर पाणी आले की दोन गोष्टी घडतात. गाडी कुठे आहे हे अनेक ठिकाणी रुळांतून वाहणाऱ्या विजेवरून कळते. पाण्यामुळे ती वीज एका रुळातून दुसऱ्या रुळात जाते आणि पुढे गाडी उभी आहे असे समजून सिग्नल लाल होतो. हे सुरक्षेसाठीच आहे. दुसरे म्हणजे गाडीच्या मोटारी डब्याखाली, चाकांजवळ असतात. पाणी तिथवर पोहोचले की गाडी थांबवण्यावाचून इलाज नसतो.

त्यात डबे जुने असतील तर दुखण्यात भर पडते. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व्हीटी ते कुर्ला अशी धावली, ती याच हार्बर मार्गावर. पण मान पहिला मिळाला तरी नव्या गाड्यांच्या रांगेत हार्बर मागेच राहिला. बारा डब्यांची गाडी इथे २०१६ साली आली, तोवर नऊ डब्यांतच सगळे कोंबले जात. मुख्य मार्गावर वापरून झालेले डबे आपल्याकडे येतात, हा इथल्या प्रवाशांचा जुना अनुभव. लोकलच्या डब्याचे आयुष्य साधारण २५ वर्षे धरतात. वय झालेल्या डब्याच्या वायरी, रबरी पट्ट्या, खिडक्यांच्या झडपा पावसाला पुरेसे तोंड देत नाहीत.

आता आमच्या घरी काय ठरले ते सांगतो. कॉलेज बंद करायचे नाही, हे पहिले. मोठ्या भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. भरती आणि हवामान खात्याचा लाल इशारा एकाच दिवशी आला तर घरातले कुणीच निघत नाही, ना लेक ना मुलगा. वाटेवरची तीन घरे ठरवली आहेत: वडाळ्याला मैत्रिणीचे, कुर्ल्याला खालाचे, मानखुर्दला चाचांचे. अडकलात तर जे घर जवळ असेल तिथे रात्र काढा, घर गाठण्याचा हट्ट नको. नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवलेले असतात, कारण मोबाइल नेमका तेव्हाच दगा देतो. फोन लागला नाही तरी दोन शब्दांचा संदेश पाठवायचा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, थांबलेल्या गाडीतून रुळांवर उडी मारायची नाही. पाण्याखाली उघडे गटार दिसत नाही आणि शेजारच्या रुळावर गाडी केव्हा येईल हे कळत नाही. रेल्वेचे कर्मचारी उतरवतील तेव्हाच, त्यांच्या सोबतीने उतरा. मदतीसाठी १३९ हा क्रमांक मुलांना पाठ असू द्या.

पण घरातला बंदोबस्त ही अर्धीच गोष्ट झाली. नालेसफाई मे महिन्यात होते की नुसती कागदावर होते, पंपिंग केंद्राचे पुढे काय झाले, नव्या गाड्यांत आपला वाटा किती, हे प्रश्न आपणच विचारायला हवेत. वस्तीतल्या दहा घरांनी सह्या करून नगरसेवकाला आणि स्टेशन मास्तरांना पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी. त्या दहा सह्यांत निदान पाच बायकांच्या असाव्यात. डब्यात उभ्या त्याही असतात.

आमच्या वस्तीचे पत्र तयार झाले आहे. पहिली सही लेकीची आहे. दुसरी दादीने केली, चष्मा पुसून, सावकाश.