न्यायाधीशाची शिस्त आणि नगराध्यक्षाची खुर्ची

स्थानिक न्यायाधीशाने पद सोडून शहराचा महापौर व्हावे, ही वाटचाल अमेरिकेत अनेकदा घडली असली तरी महाराष्ट्राच्या नगरकारभारात तिला जागा नाही, आणि त्याचे कारण दोन्हीकडच्या न्यायव्यवस्थांच्या घडणीत आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत न्यायाधीशच मतदारांकडून निवडले जातात, त्यामुळे पक्ष, प्रचार आणि मतदार यांची त्यांना आधीपासून ओळख असते. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तराचा दिवाणी न्यायाधीश स्पर्धा परीक्षेतून नेमला जातो, सेवेत असताना त्याला राजकारणापासून दूर राहावे लागते, आणि वरिष्ठ न्यायालयांच्या न्यायमूर्तींनी तर एखाद्या क्लबाची किंवा संस्थेची निवडणूकही लढवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या आचारमूल्यांत म्हटले आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे उदाहरण या मर्यादेतच समजून घ्यावे लागते. १८७१ पासून पुण्यात न्यायखात्यात काम करणाऱ्या आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या रानड्यांनी सरकारी नोकरी सांभाळून पुण्याच्या सार्वजनिक सभेला दिशा दिली, आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांतील स्थानिक कारभारावर स्वतंत्र निबंध लिहिला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने, म्हणजे नगरपालिका लोकनियुक्त सदस्यांकडे सोपवण्याच्या धोरणाने, ज्या पिढीला नगरकारभाराचे दार उघडले, तिची वैचारिक तयारी एका न्यायाधीशाने करून दिली होती.

प्रत्यक्ष खुर्ची बदलणाऱ्या न्यायाधीशाचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या विल्यम गेनर यांचे आहे. १८९३ मध्ये ते त्या राज्याच्या ज्या न्यायालयावर निवडून आले, त्याचे नाव सुप्रीम कोर्ट असले तरी खटले मुळात चालवणारे ते न्यायालय होते, सर्वांत वरचे नव्हे. सुमारे सोळा वर्षे न्यायदान करताना पोलिसांच्या मनमानी अटकेविरुद्ध ते सातत्याने लिहीत राहिले. १९०९ मध्ये ब्रुकलिनमधील एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे छायाचित्र, त्याच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नसताना, पोलिसांनी अट्टल गुन्हेगारांच्या संग्रहात ठेवले, तेव्हा गेनर यांनी तत्कालीन महापौरांना जाहीर पत्रे लिहून तो प्रश्न धसास लावला. अखेर ते छायाचित्र काढले गेले, पोलीस आयुक्तांना पद गमवावे लागले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेनर स्वतः महापौर म्हणून निवडून आले. टॅमनी हॉल, म्हणजे शहरातील नोकऱ्या आणि कंत्राटे वाटून सत्ता टिकवणारी डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना, त्यांच्या पाठीशी होती; पण पदावर येताच त्यांनी तिच्या माणसांना नोकऱ्या वाटण्याचे नाकारले आणि नागरिकांवर दंडुके चालवणाऱ्या पोलिसांना आवर घातला. ऑगस्ट १९१० मध्ये गोदी खात्यातून बडतर्फ झालेल्या एका नोकराने त्यांच्यावर गोळी झाडली. ती घशात तशीच राहिली आणि तिच्यासकट त्यांनी १९१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कारभार केला.

तरीही गेनर यांचे अपयश त्यांच्या यशाइतकेच विचारात घ्यावे लागते. १९१२ मध्ये जुगाराचा अड्डा चालवणाऱ्या एका इसमाच्या खुनात पोलीस अधिकाऱ्याचे नाव आले आणि हप्तेबाजी चव्हाट्यावर आली, तेव्हा महापौरांनी आपल्या पोलीस खात्याचीच बाजू घेतली. समोर आलेल्या पुराव्यापलीकडे न पाहणे हा न्यायाधीशाचा गुण असतो. पण शहराच्या प्रमुखाला कोणी फिर्याद घेऊन येण्याची वाट पाहत बसता येत नाही, त्याला स्वतः जाऊन बघावे लागते. म्हणून न्यायाधीश उत्तम नगरप्रमुख होतोच असे नाही. नगरप्रमुखाने मात्र त्याची निर्णय देण्याची पद्धत जरूर उचलावी.

ही गोष्ट कुळगाव-बदलापूरला आज विशेष लागू आहे. १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत गेलेले आणि १९९२ मध्ये पुन्हा स्वतंत्र झालेले हे शहर २००१ मध्ये लाखाच्या आत होते, २०११ च्या जनगणनेत ते पावणेदोन लाखांच्या घरात गेले. २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ येथे प्रशासक होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगराध्यक्षपदासाठी थेट मतदान झाले. नगराध्यक्ष सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, तर रोजचे कार्यकारी अधिकार मुख्याधिकाऱ्याकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असतात, हे खरे. तथापि लोकांनी थेट निवडलेल्या व्यक्तीच्या शब्दाला नगरपालिकेत वजन असते. उल्हास नदीकाठच्या पूररेषेतील बांधकामे असोत, रस्त्यात येणारे गाळे असोत की बदलापूर गावातील जुनी घरे असोत, कोणाला नोटीस मिळाली, कोणाला मिळाली नाही आणि का, याचे उत्तर रहिवाशांना कागदावर मिळाले पाहिजे. नैसर्गिक न्यायाची, म्हणजे दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय न देण्याची आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः निवाडा न करण्याची, तत्त्वे नगरपालिकेलाही बांधून ठेवतात.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात हे तपशिलाने सांगितले आहे. बांधकाम पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, आणि संबंधिताचे म्हणणे नोंदवून पाडण्यावाचून दुसरा मार्ग का नाही हे सांगणारा सकारण आदेश आवश्यक ठरवण्यात आला आहे. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामे आणि न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिलेली बांधकामे या निर्देशांतून वगळली आहेत. नोटीस, तिचे उत्तर आणि आदेश सर्वांना पाहता यावेत यासाठी प्रत्येक स्थानिक संस्थेने तीन महिन्यांत संकेतस्थळ उघडावे, असेही त्या निकालात आहे. बदलापूरच्या नगराध्यक्षांनी हा विषय सर्वसाधारण सभेपुढे आणून पूररेषेतील प्रत्येक नोटीस आणि प्रत्येक आदेश त्या संकेतस्थळावर चढवून घ्यावा, आणि नागरिकांनीही आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे त्याचा पाठपुरावा करावा.