ऋण काढून सण, हप्त्यांवर गाडी

दसरा असो की गुढीपाडवा, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मोटारींच्या शोरूमपुढे सणाच्या सकाळी एकच दृश्य दिसते. नव्या गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि हातात पेढ्यांचा पुडा. गिरणगावातल्या चाळीच्या खोलीतून उपनगरातल्या सदनिकेत आलेल्या कुटुंबातील तरुणाने स्वकष्टाची पहिली गाडी दारात आणावी, याचा आनंद कोणालाही व्हावा. त्या आनंदावर विरजण घालण्याचे कारण नाही. आक्षेप गाडीवर नाही. आक्षेप आहे तो गाडी निवडताना लावल्या जाणाऱ्या मोजपट्टीवर.

ही मोजपट्टी गरजेची नाही, ऐपतीचीही नाही. ती आहे शेजाऱ्याच्या नजरेची. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. मध्यमवर्गाच्या पदरात पडलेली ही सवलत कर्जाचा भार हलका करण्यासाठी वापरावी, हा साधा शहाणपणा. पण विक्रेत्याची भाषा निराळी असते : ‘साहेब, तेवढ्याच हप्त्यात आता वरचे मॉडेल!’ आणि पंचविशीतला तरुण मान डोलावतो. जी बचत व्हायची, तिचेही छतावरच्या काचेच्या झरोक्यात रूपांतर होते.

नॅनोने दाखविलेला आरसा

मध्यमवर्गाच्या या मनोवृत्तीचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे नॅनोची कहाणी. पावसात एकाच स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा अस्वस्थ झाले आणि त्यातून एक लाखाच्या गाडीची कल्पना जन्माला आली, हे सर्वश्रुत आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती गाडी जगापुढे आली. सिंगूरच्या आंदोलनामुळे कारखाना बंगालमधून गुजरातेत साणंदला हलवावा लागला. २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिचे अनावरण झाले आणि त्याच वर्षी १७ जुलैला पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली, तीही याच शहरात. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. विक्री त्याच्या निम्म्यावरही कधी गेली नाही आणि दहा वर्षांच्या आत नॅनोचे उत्पादन थांबले.

नॅनोत दोष नव्हते असे नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, पुरवठ्यास विलंब झाला. परंतु तिला खरी नड आली ती ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाची. हे बिरुद चिकटणे ही चूक झाली, असे पुढे खुद्द रतन टाटांनीच मान्य केले. स्कूटरवर मुलाला पुढे उभे करून आणि पत्नीला मागे बसवून भर पावसात लालबहादूर शास्त्री मार्गावरून जाणे ज्यांना चालत होते, त्यांना नॅनोतून कोरड्या अंगाने जाणे कमीपणाचे वाटले! ज्या वर्गासाठी एका भारतीय उद्योगपतीने हा प्रपंच मांडला, त्याच वर्गाने ‘गरिबाची गाडी’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरविली. याला काय म्हणावे?

हाच समाज एकेकाळी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवून थांबत असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. पुढची तीस वर्षे तिने शिक्षक, बँक कर्मचारी, दुकानदार अशा किती कुटुंबांना पहिली गाडी दिली, याची गणती नाही. त्या गाडीने कोणाची प्रतिष्ठा कमी केली? कशेडी घाट उतरून गणपतीला गावी जाणारी कुटुंबे याच छोट्या गाड्यांतून गेली. आज मात्र ‘वर्षातून एकदा कोकणात जायचे असते’ म्हणून सात आसनांची गाडी घेतली जाते आणि उरलेले अकरा महिने तिच्या सहा आसनांवर धूळ बसते.

हप्त्याचा हिशेब

गाडीची किंमत विचारणे आता मागे पडले आहे. विचारला जातो तो हप्ता. येथेच फसगत होते. समजा, ज्याच्या हाती दरमहा ५० हजार रुपये येतात अशा तरुणाने ९ टक्के व्याजाने १० लाखांचे कर्ज ७ वर्षांसाठी काढले. हप्ता होतो सुमारे १६,१०० रुपये. सात वर्षांत तो साडेतेरा लाख रुपये भरतो, म्हणजे साडेतीन लाख निव्वळ व्याजाचे. त्याच दराने ४ लाखांचे कर्ज ३ वर्षांत फेडायचे ठरविले तर हप्ता सुमारे १२,७०० रुपये आणि एकूण व्याज अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. तीन वर्षांनी तो ऋणमुक्त होतो. पुढची चार वर्षे दुसऱ्याच्या हप्त्याएवढेच १६,१०० रुपये त्याने दरमहा बाजूला टाकले, तर व्याज न धरताही पावणेआठ लाखांची पुंजी उभी राहते. उपनगरात घर घेताना पहिल्या भरण्याला हीच रक्कम कामी येते.

यात पेट्रोल नाही, विमा नाही, दुरुस्ती नाही, पार्किंगचे भाडे नाही. शासनाचा एकरकमी करही किमतीच्या प्रमाणात चढत जातो : महाराष्ट्रात पेट्रोलच्या खासगी गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के. आणि गाडी ही काही सोन्यासारखी वाढणारी ठेव नव्हे. विम्याच्या हिशेबात पाच वर्षांत तिची किंमत निम्म्यावर येते. सात वर्षे म्हणजे तरुणाच्या आयुष्यातला मोलाचा काळ : लग्न, घर, पहिले मूल, आईवडिलांचे आजारपण, कदाचित नोकरीतली उलथापालथही. त्या साऱ्या काळात पगाराचा एक तृतीयांश भाग ज्याने गाडीला लिहून दिला, तो गाडीचा मालक की गाडी त्याची मालक?

उपनगराचे रस्ते आणि सोसायटीचे अंगण

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील जुन्या सोसायट्या ज्या काळात बांधल्या गेल्या, त्या काळी इमारतीत एकदोन गाड्या असत. अंगण मुलांच्या खेळासाठी होते. आज त्याच अंगणात गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि कोणी कोणाची गाडी अडविली यावरून वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. ज्यांना आत जागा नाही ते रस्त्याच्या कडेला गाडी लावतात. मग ज्येष्ठ नागरिक पदपथ सोडून रस्त्यावरून चालतात आणि अग्निशमनाचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडतो. नोंदणीसाठी पार्किंगच्या जागेचा पुरावा मागण्याचा विचार राज्य सरकारने २०२५ मध्ये बोलून दाखविला, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पण जागा नसताना गाडी आणणे म्हणजे आपली हौस दुसऱ्याच्या वाटेत उभी करणे होय, हे सांगायला कायदा कशाला हवा?

शिवाय रोजच्या प्रवासाला गाडी लागते कोणाला? घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो जून २०१४ पासून धावत आहे. दहिसर ते अंधेरी हे पश्चिम उपनगरांतले दोन्ही मार्ग जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. लोकल आहेच. अंधेरी-कुर्ला मार्गावर सकाळी नऊ वाजता मोठ्या गाडीत एकटा बसलेला तरुण आणि डोक्यावरून जाणारी मेट्रो यांत आधी कोण पोहोचतो, हे सांगायची गरज नाही. उपनगरातल्या कुटुंबाची गाडी मुख्यतः लागते ती रात्रीअपरात्री रुग्णालयात जायला, वृद्ध आईवडिलांना कार्याला न्यायला, रविवारी नातेवाइकांकडे जायला. त्यासाठी चार मीटरच्या आतली गाडी पुरेशी आहे. नवशिक्या हाताला तीच सोयीची. बॉनेटचा अंदाज लवकर येतो, अरुंद गल्लीत वळवता येते, रिक्षाला घासली तरी दुरुस्तीचा खर्च आवाक्यात राहतो.

तारे मोजावेत ते सुरक्षेचे

‘मोठी गाडी सुरक्षित असते’ हा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. त्यात थोडे तथ्य होते हे मान्य करावे लागेल. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच लोकप्रिय भारतीय छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्या घेतल्या. आल्टो, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो या पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या प्रकारांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. स्वस्ताई जिवावर बेतणारी असेल तर ती काटकसर नव्हे.

परंतु त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळविले; असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी, आणि तीही चार मीटरच्या आतली. जानेवारी २०२० मध्ये आल्ट्रोझला पाच, तर त्याहून स्वस्त टियागोला चार तारे मिळाले. याउलट २०२३ च्या चाचणीत आल्टो के-१० ला दोन आणि वॅगन आरला एकच तारा मिळाला. पुढे २०२५ मध्ये मारुतीने या गाड्यांत सहा एअरबॅग दिल्या. ऑक्टोबर २०२३ पासून तर ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची चाचणी व्यवस्था लागू झाली आहे. म्हणजे छोटी, परवडणारी आणि सुरक्षित अशी गाडी आज बाजारात आहे आणि ती ओळखण्याचे साधनही आहे. पण शोरूममध्ये किती ग्राहक गाडीला किती तारे आहेत हे विचारतात आणि किती जण पडद्याची लांबीरुंदी विचारतात?

आणि मोठी गाडी म्हणजे अभय असा ज्यांचा समज आहे, त्यांनी ४ सप्टेंबर २०२२ चा अपघात आठवावा. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनांवरील दोघे दगावले. गाडी मर्सिडीज होती. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. पट्टा सर्वांत स्वस्त गाडीतही असतो. तो लावण्याची सवय मात्र कोणतीही कंपनी विकत नाही. ती घरातूनच यावी लागते.

‘माझा पैसा, माझी मर्जी’

तरुणांचे एक म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे : कमावतो आम्ही, मग इतरांनी का बोलावे? प्रश्न रास्त आहे. परंतु गाडी उभी राहते ती सार्वजनिक रस्त्यावर, धूर सोडते तो सर्वांच्या हवेत, आणि हप्ते थकले तर बँक दार ठोठावते ते जामीन राहिलेल्या वडिलांचे. आणखी एक गोष्ट. ही मोजपट्टी तरुणांना दिली कोणी? ‘मुलाकडे गाडी कोणती?’ हा प्रश्न स्थळ पाहताना वडीलधारेच विचारतात. सोसायटीच्या आवारात नव्या गाडीची उंची पाहून आदराची उंची ठरवितात तेही तेच. दोष एकट्या पंचविशीतल्या मुलाच्या माथी मारून वडीलधाऱ्यांची सुटका होणार नाही.

मग करावे काय? पहिली गाडी चांगल्या स्थितीतली जुनी घेण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र घेताना डोळे उघडे असावेत. नोंदणीपुस्तक, विमा, थकीत ई-चलन पाहावे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरविणारा ३५ क्रमांकाचा आणि मालकी हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकाचे अर्ज परिवहन कार्यालयात गेल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे मानू नये. २६ जुलै २००५ चा प्रलय पाहिलेल्या मुंबईकराने तर आसनाखालचा गालिचा उचलून गाळ आणि गंज जरूर तपासावा. नवी घ्यायची तर एअरबॅग आणि तारे आधी, रंग आणि पडदा नंतर. एकूण खर्चाचा निदान तिसरा हिस्सा रोख, कर्ज तीन वर्षांच्या वर नाही, आणि उभी करायला स्वतःची जागा. एवढी पथ्ये पाळून जी गाडी बसते, ती आपली. जी बसत नाही, ती शेजाऱ्याची. तिच्याकडे पाहून हसावे आणि मेट्रो पकडावी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण कंजूषपणाची नव्हे, स्वातंत्र्याची आहे. ज्याच्या डोक्यावर हप्ता नाही तो न पटणारी नोकरी सोडू शकतो, बहिणीच्या शिक्षणाला पैसे देऊ शकतो, अडल्या मित्राच्या मदतीला धावू शकतो. येत्या पाडव्याला ज्या घरी छोटी, सुरक्षित आणि लवकरच ऋणमुक्त होणारी गाडी येईल, त्या घरचा पेढा शेजाऱ्यांनी तोंड भरून कौतुक करीत खावा. मोजपट्टी बदलण्याची सुरुवात तेथूनच होईल.