आधी घडी, मग पडदा

अमेरिकेच्या उत्तरेत, मिनेसोटात किंवा मिशिगनमध्ये, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तिथल्या गोल्फ मैदानांवर खेळलेल्या फेऱ्या हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूचं कौशल्य सांगणाऱ्या आकड्यासाठी, धरल्याच जात नाहीत. पाच महिने हिरवळ बर्फाखाली, आणि हात तर शिवशिवत असतात. अशा ठिकाणी गॅरेजमध्ये गोल्फ सिम्युलेटर बसवावा असं वाटणं साहजिक आहे. पण विचार सुरू होतो तो चुकीच्या टोकाकडून: कॅमेरा कोणता, प्रोजेक्टर किती उजेडाचा, पडदा कुठल्या कापडाचा. माझं म्हणणं असं, की ज्या गॅरेजवर एकट्याचा हक्क नाही, तिथे पहिला प्रश्न घडीचा असला पाहिजे. सगळा पसारा किती मिनिटांत आवरतो आणि गाडी परत आपल्या जागी कशी येते, हे आधी ठरवावं. बाकीच्या वस्तू त्या उत्तराप्रमाणे निवडाव्यात.

जागेचा हिशेब मांडला की हे लगेच पटतं. तिथलं दोन गाड्यांचं गॅरेज साधारण २० बाय २० फुटांचं असतं. ड्रायव्हर हा सगळ्यात लांब क्लब मोकळेपणी फिरवायचा तर १२ फूट रुंदी, १६ ते १८ फूट खोली आणि किमान ९ फूट उंची हवी. म्हणजे निम्मं गॅरेज गेलंच. त्याच गॅरेजात मुलांच्या सायकली, बर्फ काढायचं यंत्र, फ्रीझर, कधी गरम पाण्याची टाकी आणि घरातल्या दुसऱ्या माणसाची गाडी असते. पडदा कायमचा उभा राहिला की ती गाडी बाहेर जाते, आणि जानेवारीच्या पहाटे काचेवरचा बर्फ खरवडण्याचं काम न खेळणाऱ्याच्या वाट्याला येतं. हा मला न्यायाचा प्रश्न वाटतो. अनेक गृहसंकुलांच्या नियमांतही गॅरेज गाडीसाठी मोकळं ठेवण्याची अट असते. दिवसा बैठक आणि रात्री अंथरूण अशी एकच खोली वापरत आलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वळकटी गुंडाळून भिंतीशी गेली, तरच त्या खोलीत दिवस सुरू होतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: घडीचा सिम्युलेटर म्हणजे कच्चं काम, पडद्याला सुरकुत्या पडणार, चौकट हलणार, आकडे चुकणार. मोजमाप नेमकं कुठे होतं हे पाहिलं की हा आक्षेप टिकत नाही. चेंडू किती लांब गेला असता, हे पडदा ठरवत नाही. चेंडूशेजारी ठेवलेला कॅमेरा फटक्यानंतरच्या पहिल्या काही इंचांतच त्याचा वेग, चढ आणि गिरकी टिपतो. पुढचे दोनशे यार्ड निव्वळ गणिताचे. चेंडू पडद्याला लागतो तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. पडद्याला दोनच कामं उरतात, चित्र दाखवणं आणि चेंडू थोपवणं, आणि थोपवण्याचं काम सैल पडद्याला जास्त चांगलं जमतं. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही तो ताशी २१५ किलोमीटरच्या आसपास सुटू शकतो. तेव्हा त्याच्यातली ऊर्जा ताशी ११५ किलोमीटरने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूइतकी असते. ढोलाच्या पानासारखा ताणलेला पडदा ती खेळणाऱ्याकडेच परत पाठवतो. म्हणून पडदा जरा सैल टांगायचा, त्याच्या मागे निदान फूटभर जागा सोडायची आणि चेंडू दहा फुटांवर मांडायचा. छताखालच्या रुळावर गुंडाळला जाणारा पडदा या कामाला कमी पडत नाही. चेंडूच्या मागे सहा-आठ फुटांवर ठेवावं लागणारं आणि पुढेही आठ फुटांचं उड्डाण मागणारं, कॅमेऱ्याऐवजी वापरलं जाणारं रडार मात्र इथे टाळावं. २० फुटांत ते कसंबसं बसेल, पण मग दुसरं काही बसणार नाही.

घडी बिघडते ती दुसऱ्याच ठिकाणी. काय रोज हलवायचं आणि काय कधीच हलवायचं नाही, याची फोड केलेली नसते. दहा फूट रुंद चित्र पाच-सहा फुटांवरून पाडणारा प्रोजेक्टर बोटभर सरकला तरी चित्राच्या कडा तिरक्या होतात, तेव्हा त्याची जागा छतातच. चेंडू ज्यावर मांडतात ती मॅट मात्र उचलावीच लागते, आणि इथे गॅरेजची जमीन फसवते. गाडीवरून वितळलेल्या बर्फाचं पाणी बाहेर जावं म्हणून तिला दाराकडे उतार दिलेला असतो, बहुधा फुटाला अर्धपाव ते पाव इंच. पाव इंच धरला तर पाच फुटांच्या मॅटच्या दोन टोकांत सव्वा इंचाचा फरक पडतो, एक अंशाहून थोडा जास्त कल. डोळ्याला तो दिसत नाही. पण कॅमेरा एका पातळीवर, मॅट दुसऱ्या आणि दोन्हींची जागा रोज थोडी निराळी, असं झालं की चेंडूचा चढ रोज वेगळा वाचला जातो आणि खेळणारा दोष आपल्या मनगटाला देत बसतो. मॅटखाली उताराच्या उलट पाचर, तिच्यावर जाड फोम, पाणसळ लावून एकदा नीट केलेली बैठक आणि जमिनीवर चार कोपऱ्यांच्या रंगीत खुणा, एवढं पुरतं. कॅमेऱ्यालाही खूण करावी. फोम कोपरासाठीही हवाच, काँक्रीटवर शेकडो फटके मारले की ते दुखणं धरतं. मात्र पाचर आणि फोम मिळून दोन-तीन इंच उंची खातात, ती ९ फुटांतून आधीच वजा करावी.

दाराचाही विचार घडीतच येतो. दार उघडणाऱ्या मोटारीचा दांडा बहुधा छताच्या मधोमध असतो. मोटार दाराशेजारच्या भिंतीवर घेतली की मधलं छत मोकळं होतं. हे काम कारागिराकडूनच करून घ्यावं, दारावरच्या स्प्रिंगमधला ताण जीवघेणा असतो. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत सेन्सर असतात. पडद्याच्या बाजूची आवरलेली जाळी त्यांच्या आड आली तर दार लागत नाही. आणि शँक विसरून चालणार नाही: क्लबच्या मानेला लागलेला चेंडू पुढे न जाता भलताच आडवा सुटतो. शेजारच्या अर्ध्या भागात गाडी असेल तर बाजूची जाळी हवीच, आणि तीही पडद्याबरोबर, एकाच दोरीने खाली यावी. वेगळी लावावी लागणारी जाळी दमून आलेल्या संध्याकाळी कोणी लावत नाही.

एवढा खटाटोप कशाला, एक जाळी आणि मॅट पुरे, असंही कोणी म्हणेल. फटक्याची लय टिकवायला ती पुरते, आणि पैसे बेताचे असतील तर मीही तीच सुचवेन. पण चेंडू कुठे गेला हे न कळता मारलेले शंभर फटके चूकच पक्की करतात. तासावर भाडं देऊन सिम्युलेटरवर खेळायच्या जागाही आहेत. तिथे आठवड्यातून एकदा जाणं होतं. हात तयार होतो तो रोजच्या वीस मिनिटांनी, आणि ती वीस मिनिटं मिळतात ती मांडणी पाच मिनिटांत होत असेल तरच.

घरात कोणी डावखुरं असेल तर तेही पहिल्याच दिवशी धरावं. रुंदी वाचवायला चेंडू एका बाजूला सरकवून मांडला, की डावखुऱ्याचा क्लब भिंतीला लागतो. त्याच्यासाठी चेंडू मधे घ्यावा लागतो, कॅमेरा चेंडूच्या दुसऱ्या अंगाला न्यावा लागतो, आणि जमिनीवर दुसऱ्या रंगाच्या खुणा कराव्या लागतात.