मुंबई हाय : उरलेल्या तेलाचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातील हिंगणी हे बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. तेथील शेतकऱ्याचा आणि अरबी समुद्रातील तेलविहिरींचा संबंध काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर ट्रॅक्टरच्या टाकीत आहे. नांगरटीपासून मळणीपर्यंत आणि पुढे सेलूच्या वा वर्ध्याच्या बाजारात माल पोहोचेपर्यंत जे डिझेल जळते, ते ज्या कच्च्या तेलापासून बनते त्यातील ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. जे थोडे स्वदेशात निघते त्यात मुंबई हायचा वाटा अजूनही मोठा आहे. हे क्षेत्र आता म्हातारे झाले आहे. त्याच्या पोटात उरलेले तेल कोणत्या रीतीने, किती काळात आणि कोणाच्या लाभासाठी काढायचे, हे ठरण्याची वेळ आली आहे. त्याची चर्चा मात्र अभियंत्यांच्या आणि लेखापालांच्या दालनांबाहेर फारशी आलेली नाही.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखालील चुनखडकात तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाच्या भाववाढीने पोळलेल्या देशाला हा मोठाच दिलासा होता. १९८९-९० मध्ये देशात सुमारे ३४० लाख टन कच्चे तेल निघाले आणि त्यातील निम्म्याहून अधिक मुंबईजवळच्या समुद्रातले होते. त्यानंतरची घसरण विसरण्याजोगी नाही. १९९२-९३ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे २७० लाख टनांवर आले. परकीय चलनाच्या विवंचनेत सापडलेल्या शासनाने या क्षेत्राकडून वर्षानुवर्षे जास्तीत जास्त तेल मागितले होते. खडकातील दाब टिकवण्यासाठी पाणी भरण्याचे काम मात्र उत्पादन सुरू झाल्यावर आठ वर्षांनी, १९८४ मध्ये सुरू झाले. दाब उतरला, अनेक विहिरींतून तेलापेक्षा वायू अधिक येऊ लागला आणि त्या बंद ठेवाव्या लागल्या. उन्हाळ्यात विहिरीचा उपसा झऱ्यापेक्षा वेगाने केला तर गाळ येतो, हे हिंगणीतील कोणताही बागायतदार सांगेल. दिल्लीतील नियोजनकारांना ते उमगायला दशक लागले. ज्या १९९१ साली देशाला सोने गहाण ठेवावे लागले, त्याच काळात हे क्षेत्र आजारी पडावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

सर्वसाधारणपणे तेलक्षेत्रातील तेलाचा तिसरा हिस्सा तेवढा सहज बाहेर येतो. उरलेला खडकाच्या सूक्ष्म छिद्रांना चिकटून राहतो. तो सोडवण्याचे उपाय अनेक आहेत : वाफ सोडून वा खडकातच आग लावून तेल पातळ करणे, पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करणे, म्हणजे ते तेलाला बगल न देता पुढे ढकलते, साबणासारख्या द्रव्यांनी तेल सुटे करणे, किंवा कर्बवायू अथवा नैसर्गिक वायू दाबून भरणे. कोणताही एक उपाय सर्वत्र चालत नाही. उत्तर गुजरातेत मेहसाणाजवळ बालोल व संथाल येथील तेल काकवीसारखे घट्ट आहे. तेथे १९९० मध्ये जमिनीखाली हवा सोडून तेलाचा थोडा भाग पेटवण्याचा प्रयोग झाला आणि १९९७ पासून तो व्यापारी प्रमाणावर गेला. हे काम सार्वजनिक क्षेत्रातील आपल्याच तंत्रज्ञांनी केले, हे खासगीकरणाच्या भाटांनी ध्यानात ठेवावे. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात पॉलिमर उपयोगी पडले. त्या क्षेत्राची चालक कंपनी खासगी आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

मुंबई हायचे तेल हलके आणि पातळ आहे. त्याला वाफेची गरज नाही. साबणी द्रव्ये चुनखडकालाच चिकटून वाया जातात आणि अल्कली वापरावी तर कॅल्शियमचा साका बसून छिद्रे बुजतात. कर्बवायू अशा हलक्या तेलात चांगला मिसळतो. अमेरिकेत टेक्ससमधील चुनखडकात तो १९७२ पासून वापरला जात आहे. तो जमिनीखाली राहिला तर हवामानाच्या दृष्टीनेही लाभच. पण तो किनाऱ्यावरच्या कारखान्यांतून पकडून समुद्रापार न्यायचा, त्याने गंजणाऱ्या जुन्या नळ्या बदलायच्या, म्हणजे हजारो कोटींचा खर्च आज आणि तेल दहा-पंधरा वर्षांनी. भरण्याच्या समुद्रजलातील क्षार कमी-अधिक करून तेल सोडवण्याचा मार्ग तुलनेने स्वस्त आहे, परंतु त्याचेही फळ सावकाश मिळते. झटपट वाढ हवी असेल तर सर्वांत सोपे म्हणजे जुन्या विहिरींच्या मधोमध नव्या विहिरी पाडणे आणि पंपांची डागडुजी करणे. त्याने उत्पादन लवकर वाढते. एकूण किती तेल हाती येईल याचे गणित मात्र त्याने फारसे बदलतेच असे नाही.

येथे प्रश्न भूगर्भशास्त्राचा राहत नाही, तो अर्थशास्त्राचा होतो. पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १२ टक्के दराने मोजली तर सुमारे १८ रुपये भरते, ४ टक्के दराने मोजली तर सुमारे ५५. पहिला दर भागधारकाचा, दुसरा समाजाचा. पहिल्या चष्म्यातून पाहिले की प्रत्येक दीर्घपल्ल्याचा उपाय ‘न परवडणारा’ ठरतो आणि खडकात कायमचे अडकून राहिलेले तेल कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात सुरुवातीला सतराएक टक्केच तेल निघेल असा अंदाज होता. १९८७ पासून पाणी भरण्याचे मोठे काम हाती घेतले गेले आणि हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाण्याची वाट मोकळी झाली. तेथील चालक कंपनी अमेरिकन होती, परंतु क्षेत्राच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब मागणारे शासन तिच्या डोक्यावर बसले होते.

आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायसाठी ब्रिटिश कंपनी बीपी हिची तांत्रिक सेवा-पुरवठादार म्हणून दहा वर्षांकरिता निवड झाली. मालकी आणि चालकत्व तेल व नैसर्गिक वायू महामंडळाकडेच राहणार आहे. त्यामुळे ‘मुंबई हाय विकले’ ही आरोळी अप्रस्तुत आहे. चिंतेची जागा वेगळी आहे. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातील हिस्सा, असे मोबदल्याचे स्वरूप आहे. ज्याचा मोबदला दहा वर्षांत वसूल व्हायचा, तो विसाव्या वर्षी फळणारा उपाय कशासाठी सुचवील? यात कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही, कराराची रचनाच तशी आहे. शिवाय ‘वाढीव’ म्हणजे कशाच्या वर? करारापूर्वी दिवसाला सुमारे १,३४,००० पिंपे तेल निघत होते. काहीच केले नसते तर ते किती वेगाने घटले असते, या कल्पित रेषेवर सारे देणे अवलंबून आहे. ती रेषा थोडी खाली ओढली की महामंडळाच्या स्वतःच्या कष्टाचे तेलही दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. आयोगाने शोधलेली पन्ना-मुक्ता क्षेत्रे १९९४ मध्ये एन्रॉन व रिलायन्स यांच्या भागीदारीत गेल्यावर खर्चवसुलीच्या हिशेबावरून वर्षानुवर्षे लवाद चालले, याचे विस्मरण होऊ नये.

केंद्राने २०१८ मध्ये वर्धित तेलप्राप्तीसाठी उपकरात सवलतीचे धोरण आणले. हेतू योग्य आहे. पण माफ होणारा उपकर हा सार्वजनिक पैसा आहे आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारी माहिती सार्वजनिक असली पाहिजे. अहमदाबादच्या इन्स्टिट्यूट ऑफ रिझर्व्हॉयर स्टडीजमध्ये या क्षेत्राचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास आहे. कर्बवायूचा आणि क्षारबदलाचा प्रयोग दहा वर्षांच्या चौकटीबाहेर, समाजाच्या दराने मोजून, त्या संस्थेकडे स्वतंत्र निधीसह सोपवणे सहज शक्य आहे.

आणि जुने क्षेत्र म्हणजे जुने पोलादही. जुलै २००५ मध्ये मुंबई हायच्या उत्तर भागातील फलाट जळाला आणि २२ माणसे गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ ही तराफानौका बुडून सत्तरांहून अधिक कामगार दगावले, त्यांत बहुसंख्य कंत्राटी होते. प्रत्येक नवा उपाय म्हणजे समुद्रात आणखी काही वर्षे आणखी माणसे. नव्या करारात उत्पादनवाढीचे टक्के जाहीर होतात, तसे वादळाचा इशारा मिळताच काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हेही जाहीर व्हावे. ठरावीक शुल्काची मुदत २०२७ मध्ये सरते. ‘वाढीव’ ठरवणारी ती घटरेषा आणि ती काढण्याची पद्धत त्यापूर्वी संसदेच्या पेट्रोलियमविषयक स्थायी समितीपुढे ठेवली गेली पाहिजे.